गिरणीचा परिसर हा वारसा का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. आपले म्हणणे असे की, जुन्या कापड गिरणीच्या, म्हणजे मिल कॉर्नरच्या परिसराला वारसा म्हणणे हा अतिरेक आहे. छत्रपती संभाजीनगरचा वारसा म्हणजे भडकल दरवाजा आणि पाणचक्की, आणि गिरणीने आपल्या आजोबांना पगारापेक्षा खोकलाच जास्त दिला.

खोकल्याचे आपण लिहिले ते खरेच आहे. ब्लो रूम (कापूस मोकळा करून झाडण्याचे खाते) आणि कार्डिंग (तो पिंजण्याचे खाते) येथे कापसाची धूळ सर्वाधिक उडते आणि ती वर्षानुवर्षे छातीत बसते. परंतु हे दुःख नोंदवायचे तर ते जिथे घडले त्या जागेची ओळख पुसून कसे चालेल?

आता पाणचक्की. डोंगरातून नळाने आणलेले पाणी उंचावरून पडते, त्या जोरावर चक्र फिरते आणि जाते चालते. ते पीठ दर्ग्यातील फकीर आणि यात्रेकरूंच्या जेवणासाठी असे. म्हणजे आपण ज्याला निःशंकपणे वारसा म्हणता, तेही मुळात कामाचे यंत्रच आहे. मग वाफेवरच्या गिरणीला तो मान का नसावा?

औरंगाबादची कापड गिरणी १८८९ साली उभी राहिली आणि गोदावरी खोऱ्यातील रेल्वे आली १९०० मध्ये. या अकरा वर्षांच्या अंतराकडे आपण लक्ष द्यावे, ही माझी विनंती आहे. बॉयलर, चात्या (सूत कातण्याचे फिरते दांडे), माग हे सारे अवजड सामान शेवटचा टप्पा तरी सडकेनेच, बहुधा तेव्हाचे जवळचे रेल्वे स्थानक असलेल्या नांदगावच्या बाजूने, आले असले पाहिजे; मला हे धाडस दरवाजाच्या कमानीइतकेच थोर वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये (ब्रिटिशकालीन सरकारी माहितीग्रंथात) या एका गिरणीत ७०० माणसे कामाला असल्याची नोंद आहे, तर १९०१ साली जिल्ह्यातील सर्व जिनिंग-प्रेसिंग (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या) कारखान्यांत मिळून १,०१६. पुढे १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणात तीही सरकारकडे गेली. ‘उद्योगनगरी वाळूजपासून (शहराजवळच्या अलीकडच्या औद्योगिक वसाहतीपासून) सुरू झाली’ हे आपले विधान म्हणूनच मला मान्य नाही.

जागेचा नवा उपयोग करण्यास माझा विरोध नाही. मागणी एवढीच आहे की हजेरीपट, पगारपत्रके, यंत्रांवरील पाट्या आणि हयात कामगारांच्या आठवणी आधी गोळा व्हाव्यात. आपले आजोबा कोणत्या खात्यात होते, त्यांची पाळी कोणती होती आणि घरी काही कागद शिल्लक आहेत का, हे आपण अवश्य कळवावे.