“मेकॅनिक 40 मिनिटं नुसता बसून होता” या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

एसी दुरुस्तीसाठी वेळ सकाळी 11 ची दिली होती आणि आमचा मेकॅनिक अडीचला पोचला, त्याबद्दल माफी मागतो. मे महिन्यात अकोल्यात एका घरचं काम लांबलं की पुढची सगळी सरकतात. उशीर होतोय एवढा फोन तरी तुम्हाला जायला हवा होता.

एक स्टार दिलात, तो तुमचा हक्क आहे. पण “मेकॅनिक 40 मिनिटं गच्चीवर मोबाइल बघत नुसता बसून होता आणि दीडशेची डबी बदलून 1,080 रुपये घेऊन गेला” हे वाक्य आता दुकानाच्या नावाखाली सगळ्यांना दिसतंय. नवीन गिऱ्हाईक फोन लावायच्या आधी तेच वाचतं. म्हणून त्या 40 मिनिटांबद्दल सविस्तर लिहितो.

तुमचा एसी दीड टनाचा, साधा, इन्व्हर्टर नसलेला. तक्रार “सुरूच होत नाही” अशी होती. प्रत्यक्षात आतलं युनिट रिमोट घेत होतं, आउटडोअरचा पंखाही फिरत होता. उठत नव्हता तो कॉम्प्रेसर. काही सेकंद घुं असा आवाज, मग टक्, मग गप्प. थोड्या वेळाने पुन्हा तेच. असा आवाज आला की पहिला संशय कपॅसिटरवर, म्हणजे कॉम्प्रेसरला उठताना जोर देणाऱ्या त्या डबीवर. तुमच्या कपॅसिटरवर 50 मायक्रोफॅरड छापलेलं, मीटरवर आले 31. पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे साडेसत्तेचाळीसच्या खाली गेला की तो बदलायचाच. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खोक्यात कपॅसिटर असाच उतरत जातो, त्यात कोणाचा दोष नाही.

इथपर्यंत दहाएक मिनिटं गेली. नवा कपॅसिटर लावला, तरी कॉम्प्रेसर उठला नाही. तुमचा राग इथून सुरू झाला असावा, आणि खरं काम पण इथूनच सुरू झालं.

कॉम्प्रेसरच्या आत ओव्हरलोड नावाचं एक संरक्षण असतं. वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, फार तापलं की ते वीज तोडतं आणि गार झाल्यावर आपोआप जोडतं. तो ‘टक्’ त्याचाच. चालू कॉम्प्रेसर 7-8 अँपिअर घेतो. उठताना अडकला की त्याच्या चार-पाच पट ओढतो आणि ती सगळी ताकद उष्णता होऊन आतच राहते. घरातला 20 अँपिअरचा एमसीबी (जास्त वीज ओढली की आपोआप पडणारा स्विच) एवढ्या थोड्या वेळासाठी पडत नाही, त्यामुळे घरच्यांना वाटतं बाकी सगळं ठीक आहे. पहिल्यांदा ओव्हरलोड काही मिनिटांत परत जुळतो. पण तेच तासन् तास चालू राहिलं तर कॉम्प्रेसरचं अख्खं लोखंड तापतं, आणि मग अर्धा तास, कधी त्याहून जास्त वेळ तो जुळत नाही.

अशा वेळी मीटर लावला तर काय दिसतं? कॉम्प्रेसरला तीन पिना असतात: कॉमन, रन आणि स्टार्ट. तुमच्या मशिनमध्ये रन ते स्टार्ट साडेपाच ओहम येत होते, पण कॉमनपासून दोन्हीकडे काहीच नाही, पूर्ण ओपन. घाईतला माणूस हे बघून सांगतो, “कॉम्प्रेसर गेला.” कॉम्प्रेसर बदलणं, गॅस भरणं, मजुरी, सगळं धरून दहा-बारा हजारांचं काम. कोणी “गॅस संपलाय” म्हणूनही मोकळा होतो, पण उठतानाच अडकणाऱ्या कॉम्प्रेसरचा आणि गॅस कमी असण्याचा संबंध नसतो. रन ते स्टार्ट रीडिंग बरोबर असेल आणि कॉमन ओपन दिसत असेल तर कॉम्प्रेसर गार होऊ द्यायचा आणि परत मोजायचं. याला दुसरा उपाय नाही.

आमच्या मेकॅनिक मुलाने तेच केलं. एमसीबी खाली केला, पिनांचं झाकण बंद केलं, कॉम्प्रेसरवर ओलं फडकं टाकलं आणि टाकीच्या सावलीत थांबला. मधेमधे मोजत राहिला. मोबाइल बघत होता हे खरं आहे. रीडिंगचे फोटो त्याने दुकानात पाठवले ते माझ्याकडे आहेत, बाकी काय बघत होता ते मी विचारलेलं नाही. 40 मिनिटांनी कॉमन ते रन 2.1 आणि कॉमन ते स्टार्ट 3.4 आले, बेरीज बरोबर साडेपाच. मशीन पहिल्याच झटक्यात उठलं. 7.8 अँपिअर घेतले, आतल्या युनिटमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत 12 अंशांचा फरक आला, मगच तो निघाला.

आता जे लिहायचं नव्हतं तेही लिहितो. सकाळी फोनवर तुम्हाला सांगितलं होतं, “एमसीबी खाली करून ठेवा, आम्ही येईपर्यंत चालू करू नका.” मुलगा आला तेव्हा एमसीबी वर होता, रिमोट 16 वर होता आणि आउटडोअर घुं-टक् करत होतं. घरात म्हातारी माणसं आहेत, उकाडा आहे, मधेच सुरू होईल अशी आशा असते, हे समजतं. उशीर आमचाच झाला. पण सकाळपासून एमसीबी खाली असता तर आम्हाला उशीर होऊनही कॉम्प्रेसर गार मिळाला असता आणि काम वीस मिनिटांत संपलं असतं.

फोनवरच्या “फालतू प्रश्नां”बद्दलही तुम्ही लिहिलंय. रिमोटवर टायमर लागलाय का, मोड कूलवर आहे का, सेट तापमान खोलीपेक्षा कमी आहे का, स्टॅबिलायझरवर आउटपुट दिसतंय का, लाइट येऊन तीन मिनिटं झाली का (तेवढा वेळ मशीन मुद्दाम थांबतं, आतला दाब समान व्हावा म्हणून), एमसीबी मधेच अडकलाय की पूर्ण खाली करून वर केलाय. हे प्रश्न आम्ही सगळ्यांना विचारतो, कारण यातच एसी सुरू झाला तर गिऱ्हाइकाचा व्हिजिट चार्ज वाचतो आणि आमचा पेट्रोलचा खर्च.

पैशांचं थोडक्यात. व्हिजिट 350, कपॅसिटर 480, मजुरी 250, बिलावर वेगळं लिहिलंय. दीडशेत ऑनलाइन मिळतो तसा कपॅसिटर आम्ही वापरत नाही. आमच्याकडच्यावर 440 व्होल्ट छापलेलं आहे आणि लावण्याआधी तो मीटरवर तपासलेला असतो. जुना तुमच्याकडेच ठेवलाय, कुठेही मोजून घ्या. तुमच्याकडचे भाऊ म्हणाले, “व्हिडिओ बघून मीच बदलला असता.” कृपा करून नको. एमसीबी खाली असला तरी कपॅसिटरमध्ये करंट साठलेला राहतो, रेझिस्टरने उतरवल्याशिवाय हात लावला तर जबर झटका बसतो. आणि “जरा मोठा लावू” म्हणून 60 चा लावला तर स्टार्ट वाइंडिंग जळायची पाळी येते.

यापुढे उशीर होणार असेल तर आधी कळवायची व्यवस्था करतोय, थांबावं लागलं तर का ते मेकॅनिक घरच्यांना सांगेल असं बघतो, आणि रेटही दुकानात लावू. नव्या कपॅसिटरला तीन महिने काही झालं तर व्हिजिटसकट फुकट, बिल जपून ठेवा.

एक राहिलं. तुमच्या 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्लगची एक पिन तपकिरी झालीय, ती सैल बसते आणि तापते. मुलाने तेव्हाच सांगितलं होतं, पण रागाच्या भरात राहून गेलं असेल. सॉकेट आणि प्लग टॉप दोन्ही बदला, वायर जळकी दिसली तर तेवढी कापून नवीन टोक काढायला सांगा. आमच्याकडूनच करा असं नाही, जवळच्या कोणत्याही वायरमनकडून चालेल, पण या आठवड्यात करा.