शिबपूरला निघालेल्या बडोदेकरांसाठी मोलाचे सल्ले

सुट्टीत कोलकात्याला निघालाच आहात, तर कुणीतरी हमखास सांगेल की हुगळीपलीकडे हावड्यात, शिबपूरला, देशाचं मोठं वनस्पती उद्यान आहे, तेवढं बघून या. घाबरून जाऊ नका. बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळच्या फेऱ्या मारून तयार झालेल्या माणसाला बागेत कसं वागावं हे शिकवावं लागत नाही. तेच कसब तिथं वापरायचं, जरा सढळ हातानं. आपली बाग 113 एकर, ती 273.

पहिलं पथ्य म्हणजे पाट्या वाचायच्या नाहीत. पाटीवर लॅटिन नाव, कूळ, मूळ देश असलं काहीबाही असतं. ते वाचायला थांबलात की मनगटावरच्या घड्याळातली पावलं थांबतात. आपलं वर्गीकरण काय वाईट आहे? फूल दिसलं तर शोचं झाड, सरळसोट दिसलं तर अशोक. आपण ज्याला अशोक म्हणतो त्याला शेजारचे गुजराती काका आसोपालव म्हणतात, ते सीताफळाच्या कुळातलं. खरा सीतेचा अशोक चिंचेच्या कुळातला, शेंगा धरणारा. पण एवढ्या खोलात शिरलं तर नाश्त्याची शेव-उसळ गार होते.

वडाशी मात्र थांबा, फोटो काढावाच लागतो. साडेचार एकरांच्या आसपास पसरलेला आहे, सगळा मावणार नाही. तुम्ही पुढे उभे राहा म्हणजे निदान झाकला तरी जाईल. मूळ खोड दाखवा म्हणून माळीबुवांच्या मागे लागू नका. 1864 आणि 1867 च्या वादळांत झाडाला इजा झाली, पुढे बुरशी लागली आणि 1925 साली खोड काढूनच टाकलं. तेव्हापासून सगळा डोलारा पारंब्यांवर आहे. यात नवल काय म्हणा. मूळ खोड केव्हाच गेलेली आणि नुसत्या पारंब्यांवर थाटात चाललेली मंडळं आपल्या गावात काय कमी आहेत?

बरोबर सासूबाई असतील तर त्यांना जोडनारळाच्या माडाची हकिगत जरूर सांगा, हा विषय त्यांच्या अखत्यारीतला आहे. सेशेल्स बेटांवरचं हे झाड, ज्याचं बी वनस्पतीसृष्टीत सगळ्यात जड. शिबपुरात ते 1894 साली लावलं. वाढ इतकी सावकाश की फुलायलाच काही दशकं गेली, आणि फुललं तेव्हा कळलं की बाई आहे. जवळपास नर नाही. मग स्थळ शोधणं आलं! परदेशातून पराग मागवले, हातानं फुलांवर घातले, काही खेपा फुकट गेल्या, आणि अखेर शंभरी ओलांडल्यावर फळ धरलं. आता तुमच्यातला एखादा चिकित्सक विचारेल की 1894 हे कुणी लिहून ठेवलं होतं? अशा माणसाला तिथंच चहा पाजून गप्प करावा. कुठलं बी, कुठून आलं, केव्हा लावलं ही नोंदच खरी बाग असते, तेवढी गेली की उरते ती सावली, असं काहीतरी तो पुढे बोलणार असतो. सावली काय वाईट आहे?

हर्बेरियम असा शब्द कानावर पडला तर वाट बदला. आत जाड कागदांवर चिकटवलेला वाळका पाला आहे, वीस लाखांच्या घरात. प्रत्येकावर गोळा करणाऱ्याचं नाव, तारीख, ठिकाण. त्यातले काही नमुने असे की त्या जातीचं शास्त्रीय नावच त्या एका वाळक्या काडीला बांधलेलं असतं. पुढे शंका आली की जगभरचे लोक ती काडी बघायला मागतात. वहीत पिंपळाचं पान ठेवणाऱ्या आपल्याला याचं काय कौतुक?

गावाचा अभिमान मात्र मिरवा. बंगळुरूच्या लालबागेला रूप देणारे क्रुम्बिगल आधी गायकवाडांच्या चाकरीत होते, हे ठासून सांगा. त्यांचा हात लागलेलं बडोद्यातलं एक तरी झाड दाखवा, असं कुणी उलट म्हणालं, तर बडोद्याच्या म्युझियममधल्या ब्लू व्हेलच्या सांगाड्याकडे वळा.

निघताना एखादी फांदी मोडून घ्यायला विसरू नका. चोरून आणलेला मनीप्लांट फोफावतो, मग दुर्मीळ रोपानं का मागे राहावं? नाहीच जगलं तर कुंडी रिकामी होते, त्यात कोथिंबीर लावता येते.

आणि नावाचं बघा. रॉक्सबर्ग 1793 मध्ये या बागेचे प्रमुख झाले. त्यांनी इथल्या चित्रकारांकडून अडीच हजारांवर वनस्पतींची चित्रं करून घेतली. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावं आज कुणाला ठाऊक नाहीत. ही चूक आपण करायची नाही. किल्ली खिशात असतेच, बांबू दिसला की कोरा. जरा ऐपत असेल तर परत आल्यावर इथल्या एखाद्या बागेत वडिलांच्या स्मरणार्थ बाक द्या. संगमरवरी पाटीवर वडिलांचं नाव, खाली तुमचं, सौभाग्यवतींचं, मुलांचं आणि दुकानाचा फोन नंबर. बाक झाडाला अगदी टेकवून ठेवायला सांगा, म्हणजे झाडाची पाटी आपोआप मागे जाईल.