बाला देवीचा गुडघा आणि आमच्या पोरी

दसऱ्याच्या आधी बेळगावच्या लेले ग्राउंडवर माझी पुतणी फुटबॉल खेळता खेळता पडली. धक्का कुणी दिला नव्हता, आडवा पायही कुणी घातला नव्हता. बॉल घेऊन वळली आणि गुडघा आतल्या बाजूला मुडपला. पहिल्या दवाखान्यात क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी एमआरआय झाला तेव्हा कळलं, एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध, तुटलाय. दहावीतली पोर. ऑपरेशनच्या आदल्या रात्री मला विचारते, "काकू, मला परत खेळायला येतंय न्हवं?"

मी तिला बाला देवीबद्दल सांगत बसले. मणिपूरची ही मुलगी लहानपणी पोरांत खेळून तयार झाली, मणिपूर पोलिसांच्या संघातून खेळली. जानेवारी 2020 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या रेंजर्स क्लबनं तिच्याशी करार केला. युरोपातल्या क्लबशी व्यावसायिक करार करणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू. त्याच डिसेंबरात मदरवेलविरुद्ध तिचा गोल झाला. आणि पुढच्याच वर्षी तिचाही गुडघा गेला. तरी ती परतली. 2024 मध्ये काठमांडूला सॅफ या दक्षिण आशियाई देशांच्या स्पर्धेत तिनं भारतासाठी पन्नासावा गोल केला, वयाच्या चौतिसाव्या वर्षी.

पुतणीला बरं वाटलं. मला मात्र रात्रभर झोप नाही. कारण बालाच्या गुडघ्यामागे एक क्लब होता. आमच्या पोरीच्या मागे कोण? तिच्या बाबांनी ऑपरेशनसाठी भिशी उचलली.

एसीएल मुलांपेक्षा मुलींचा कितीतरी जास्त तुटतो. बार्सिलोनाची अलेक्सिया पुतेयास, तेव्हाची जगातली सर्वोत्तम खेळाडू, 2022 ची युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा तोंडावर असताना सरावातच गुडघा गमावून बसली. मग नशिबाला बोल लावून गप्प बसायचं? मुळीच नाही. 'फिफा 11+' नावाचा वीस मिनिटांचा व्यायामक्रम आहे. सावकाश धावणं, एका पायावर तोल सांभाळणं, उठाबशा, उडी मारून गुडघे आत न वळवता उतरणं. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या सुमारे 1,900 मुलींवर तो तपासला, तेव्हा तो करणाऱ्या संघांत दुखापती जवळजवळ एक तृतीयांशानं कमी आढळल्या. यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

आणि आपल्याकडे? पोरी येतात, दोन राउंड मारतात, लगेच मॅच. कोल्हापूर इतकं जवळ, तिथल्या तालमींच्या फुटबॉलवर आपण तासन्‌तास बोलतो. शेजारच्या पोरीच्या गुडघ्यावर कधी बोललोय? दुखापत झाली की घरचे म्हणतात, "झालं तेवढं पुरे, आता अभ्यास बघ." खेळ सुटतो तो असा, आणि नाव मात्र लग्नाचं किंवा दहावीचं होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आईबाबांनो, उद्या ग्राउंडवर गेलात की कोचना एवढंच विचारा: सरावाआधी ही वीस मिनिटं होतात का? व्यायामाचा क्रम मी मराठीत लिहून काढलाय. ज्यांना हवा त्यांनी सांगा, पाठवते.