‘कोकणात सायकल चालत नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला मुद्देसूद उत्तर

पावसाळ्याच्या तोंडावर मोबाइलवरून एक संदेश हमखास फिरतो. त्याचा सारांश असा: सायकलने कामावर जाणं हे सपाट आणि कोरड्या शहरांपुरतं ठीक, कोकणात ते जमायचं नाही. कारणं पाच दिलेली असतात. इथे चढ आहेत, खाऱ्या हवेने सायकल वर्षात गंजते, चार महिने पाऊस असतो, घामाने निथळत ऑफिसात बसता येत नाही, आणि एसटी-डंपरच्या रस्त्यावर सायकलवाल्याचा जीव सुरक्षित नाही. पाचही कारणांत खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच संदेश पटतो. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. तो वाचून चांगल्या चालू सायकली पडवीत पडून राहतात, हे पाहवत नाही. उदाहरणासाठी रत्नागिरी शहर घेऊ, कारण तिथे पाचही गोष्टी एकाच रस्त्यावर भेटतात.

आधी चढ. कोकण म्हणजे सगळा डोंगर, हे मुळात खरं नाही. अलिबाग सपाट आहे, चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या काठाला सपाट आहे. रत्नागिरीत मात्र जुनं शहर खाली आणि मारुती मंदिरापासून पुढची वस्ती सड्यावर, म्हणजे उंच पठारावर, त्यामुळे चढ चुकत नाही. पण चढ म्हणजे नेमकं किती काम, हे मोजता येतं. माणूस 75 किलो, सायकल आणि सामान 15 किलो, आणि दोन किलोमीटरमध्ये 60 मीटर उंची गाठायची असं धरा. 90 किलो वजन 60 मीटर वर न्यायला सुमारे 53 किलोज्यूल लागतात. पॅडलवर 100 वॅट ताकद लावली तर नऊ मिनिटं, टायरच्या घर्षणाची आणखी दोन-अडीच. निरोगी माणूस 100 वॅट अर्धा-पाऊण तास सहज देऊ शकतो. या चढाला शरीर जेवढं अन्न जाळतं, ते एका तांदळाच्या भाकरीहूनही कमी.

मग चढावर उतरून ढकलावी का लागते? कारण सायकलच्या चक्रांवरच्या दात्यांचं प्रमाण चुकीचं असतं. साध्या काळ्या सायकलला पुढे 44 दात्यांचं चक्र आणि मागे 18 दात्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाचं चक्र, असतं. 28 इंची चाकावर पॅडलच्या एका फेरीत ती साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. 6 टक्के चढावर, म्हणजे शंभर मीटरला सहा मीटर, पॅडल मिनिटाला 40 फेऱ्यांवर आलं तरी दोनशे वॅटच्या वर ताकद लागते. फुप्फुसांआधी गुडघे हरतात. यावर स्वस्त उपाय म्हणजे मागे 22 दात्यांचं फ्रीव्हील बसवणं. एका फेरीचं अंतर साडेचार मीटरवर येतं. चेनला एक जोड (एक आतली आणि एक बाहेरची कडी) वाढवावी लागते, हे मेकॅनिकला आधी सांगा, नाहीतर जुनी चेन ओढून बसवली जाते, चाक पुरेसं मागे येत नाही आणि चेन ताठ राहून छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) खाते. सपाटीवर वेग थोडा उतरतो. शहरात त्याने काही बिघडत नाही.

गिअरची सायकल घ्यायची असेल तर दुकानात ‘एकवीस गिअर आहेत का’ हे विचारू नका. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्राचे दाते मोजा. पुढे 28 आणि मागे 28 असले तर 26 इंची चाकावर एका फेरीत दोन मीटरच्या जरा वर अंतर जातं. मिनिटाला 60 फेऱ्या म्हणजे ताशी सात-साडेसात किलोमीटर, आणि 6 टक्के चढाला सव्वाशे वॅटच्या आसपास ताकद. पुढे एकच 42-44 चं चक्र आणि मागे फक्त 28 असलेली ‘सिटी’ सायकल चढाला एवढी हलकी पडत नाही, मग ती दिसायला कितीही छान असो. ज्यांना एवढंही नको, त्यांच्यासाठी 250 वॅटपर्यंतची आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत चालणारी पॅडलला जोर देणारी विजेची सायकल आहे. या मर्यादेतल्या सायकलला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही.

आता गंज. हा मुद्दा सर्वांत खरा आहे आणि याच्याबद्दलच सर्वांत चुकीचे सल्ले दिले जातात. मीठ स्वतः हवेतलं पाणी ओढतं. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मिठाचा थर विरघळून ओला होतो आणि ओलाच राहतो. किनाऱ्यावर पावसाळाभर आणि एरवीही कित्येक रात्री दमटपणा त्याच्या वर असतो. म्हणून ‘सायकल घरातच ठेवतो, पाऊस लागत नाही’ एवढ्याने भागत नाही. मीठ धुऊन काढलं नाही तर ती पडवीतही गंजते. उलट रोज भिजणारी पण आठवड्याला गोड्या पाण्याने धुतली जाणारी सायकल जास्त टिकते. मिरकरवाड्याच्या बाजूने जात असाल तर मासळीच्या गाड्यांतून गळणारं खारट पाणी थेट चेनवर उडतं. अशा दिवशी संध्याकाळीच पाणी मारा.

धुण्याची रीत सोपी आहे. अर्धी बादली गोडं पाणी आणि एक फडका पुरे. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका, मिठावर मीठ चढतं. सर्व्हिसिंगवाल्याच्या जोराच्या फवाऱ्याखाली सायकल कधीच धरू नका, पाणी हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) आणि बीबीमध्ये (पॅडलचा आस फिरतो त्या फ्रेमच्या तळाच्या नळीत) घुसतं आणि बाहेर यायला वाट नसते. धुतल्यावर फडक्याने पुसा, सायकल घोडीवर लावून मागचं चाक मिनिटभर जोरात फिरवा आणि मगच चेनला तेल द्या.

चेनचं तेल हा वेगळाच विषय आहे. गॅरेजमधलं जळकं ऑइल फुकट मिळतं, पण त्यात धातूची बारीक पूड असते आणि जांभ्याची लाल माती त्याला चिकटून घासणीची पेस्ट तयार होते. खोबरेल पहिल्या सरीत धुऊन जातं. पाणी हटवायचा फवारा हे वंगण नाही, तो मारून थांबलात तर चेन उलट कोरडी पडते. चेन डिझेलच्या फडक्याने पुसा, सुकू द्या, ओल्या हवामानाचं चेन ऑइल प्रत्येक रोलरवर एक थेंब द्या, पॅडल उलटं पंधरा-वीस वेळा फिरवा आणि वरचं तेल पूर्ण पुसून टाका. तेल आत हवं, बाहेर दिसलं की ते मातीच गोळा करणार. पावसाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी, एरवी पंधरवड्याने. चेन केव्हा बदलायची ते साध्या फूटपट्टीने कळतं. नव्या चेनमध्ये एका पिनपासून मोजलेलं बारा जोडांचं अंतर बरोबर 12 इंच असतं. ते एक सोळांश इंचाने वाढलं की चेन बदला. एक अष्टमांशपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलही सोबत बदलावं लागतं, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन उड्या मारते.

न दिसणारा गंज जास्त घातक. सीटच्या दांड्याशेजारून पाणी फ्रेमच्या नळीत उतरतं आणि बीबीपाशी साचतं. बीबीच्या बुडाला तीनेक मिलिमीटरचं भोक असेल तर ते चिखलाने बुजलेलं नाही ना, ते जुन्या स्पोकने टोचून बघा. नसेल तर मेकॅनिककडून पाडून घ्या. मे महिन्यात सीटचा दांडा बाहेर काढा, नळीत चहाच्या अर्ध्या कपाहून कमी घट्ट ऑइल ओता, फ्रेम सगळीकडे कलती करून ते आतून फिरवा, आणि दांडा ग्रीस लावून परत बसवा. लोखंडी फ्रेममध्ये अॅल्युमिनियमचा दांडा ग्रीसशिवाय ठेवला तर खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना धरतात, आणि मग करवत चालवावी लागते. त्यामुळे दर दोन महिन्यांनी तो एकदा सोडवून फिरवा. हब, बीबी आणि हँडलचे कप वर्षातून दोनदा उघडा, पावसाच्या आधी आणि गणपतीनंतर. छर्ऱ्यांवर डाग दिसले तर घासून परत घालू नका, नवे घाला. पुढच्या हबला 3/16 इंची, मागच्या हबला आणि बीबीला 1/4 इंची लागतात, किंमत नगण्य असते. ग्रीस बोटींच्या पंपांना वापरतात ते, पाण्यात न विरघळणारं घ्या. स्पोक आणि ब्रेकच्या वायरी स्टेनलेसच्या असू द्या. एवढं केलं तर ‘वर्षात गंजते’ हे वाक्य मागे घ्यावं लागतं.

पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, यात वाद नाही. पण भिजणं ही खरी अडचण नाही. इथल्या दमटपणात रेनकोटच्या आत माणूस घामानेच भिजतो. हाफपँट आणि पट्ट्याच्या पावसाळी चपला घालून भिजत जा, कोरडे कपडे दोन प्लास्टिक पिशव्यांत, एकीचं तोंड दुसरीत खाली करून, बॅगेत ठेवा. पोंचो वाऱ्याने फुगतो, किनाऱ्यावर तो नकोच. मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत आणि टायरपासून किमान बोटभर अंतरावर, नाहीतर लाल चिखल मध्ये भरून चाक अडतं. पुढच्या मडगार्डला जुन्या ट्यूबचा फ्लॅप लावला की चेन आणि पाय दोन्ही वाचतात.

खरी अडचण ब्रेकची. चकचकीत क्रोमच्या लोखंडी रिमवर पाणी असलं की ब्रेक रबर जवळपास घसरतंच, आणि मारुती मंदिराकडून खाली येताना हे कळण्याची वेळ चुकीची असते. अॅल्युमिनियमची रिम बसवा किंवा डिस्क घ्या. रिम ब्रेक असेल तर थांबायच्या बऱ्याच आधी हलका दाबून चाकाच्या दोन-तीन फेऱ्या जाऊ द्या, रिम पुसली जाते, मग पूर्ण दाबा. रबरात रुतलेले खडीचे कण आठवड्याला टोचून काढा. डिस्कला धातूमिश्रित पॅड घ्या, साधे पॅड लाल चिखलात भराभर झिजतात. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी, 26 इंची जाड टायरला 40 पीएसआयच्या आसपास. पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या आणि शेवाळ धरलेला जांभ्याचा चिरा यांवरून वळताना ब्रेक लावू नका. विजा चमकत असताना उघड्या सड्यावरून जायचं नाही, आणि पाण्याखाली रस्ता दिसत नसेल तर उतरायचं. वर्षातले असे दिवस एसटीने किंवा रिक्षाने काढावेत, त्यात कमीपणा काही नाही.

घामाचं उत्तर लहान आहे. पॅडलवर दिलेल्या प्रत्येक वॅटमागे शरीर तीन-चार वॅट उष्णता तयार करतं, म्हणून हलक्या गिअरवर सावकाश चढणं हाच उपाय. बॅग पाठीवर न घेता कॅरिअरला बांधा, शेवटचा किलोमीटर रमत जा. पोचल्या पोचल्या शर्ट बदलू नका. वारा थांबल्याने घाम आणखी दहा मिनिटं येत राहतो. तो ओसरला की ओल्या पंच्याने अंग पुसा, मग शर्ट घाला. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा असतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा सुटतो. संध्याकाळी किनाऱ्याच्या दिशेने घरी जाणाऱ्यांनी वेळ थोडा जास्त धरावा.

राहिली वाहतूक. धोका आहे, पण तो बराचसा रस्त्याच्या कडेला चिकटून चालवल्याने वाढतो. डांबराची कड तुटलेली असते, पावसात गवत तिच्यावर येतं आणि चाक खाली उतरलं की सायकलस्वार थेट मागच्या गाडीसमोर पडतो. कडेपासून मीटरभर आत, सरळ रेषेत चालवा, म्हणजे मागच्याला तुम्हाला ओलांडायचा निर्णय घ्यावा लागतो. थांब्यावरच्या किंवा डावीकडे वळणाऱ्या एसटीच्या डावीकडून कधीच घुसू नका, तिथे चालकाला तुम्ही दिसत नाही. उजव्या हँडलला आरसा लावा. मारुती मंदिरच्या चौकात उजवीकडे वळायला भीती वाटत असेल तर उतरून पायी ओलांडा. मागचा लाल दिवा दिवसाही पावसात चालू असावा, आणि तो मडगार्डच्या वर बसवा, खाली बसवला तर चिखलाने झाकला जातो.

संदेश एका ठिकाणी बरोबर आहे. हातखंब्याच्या बाजूने अंधारात, भर पावसात महामार्गावरून रोज ये-जा करणं किंवा परशुराम घाटातून कामावर जाणं, याचा सल्ला आम्ही कुणालाही देणार नाही. पण शहरातल्या बहुतेकांचं कामाचं अंतर ते नसतं. एसटी स्टँडपासून रेल्वे स्टेशन सहा-सात किलोमीटरवर आहे, आणि साळवी स्टॉप, नाचणे, कुवारबाव हे सगळं त्याच टप्प्यात येतं. लांबून येणाऱ्यांनी सायकल शहरात ओळखीच्या दुकानाच्या छपराखाली ठेवावी आणि लांबचा टप्पा एसटीने करावा. कुलूप फ्रेम आणि मागचं चाक दोन्हींतून घाला, आणि चावीचं भोक खाली राहील असं लावा, म्हणजे त्यात खारं पाणी उतरत नाही.