सर्व्हरची डुलकी

आमच्या पतसंस्थेचा सर्व्हर पहिल्यांदा आपोआप बंद पडला तो 10 मे 2024 ला, ऐन अक्षय्य तृतीयेच्या दिवशी. मी चालू केला. तासाभरानं पुन्हा बंद. हिंगणघाटपासून आत, आडरस्त्यावरचं आमचं गाव. मे महिन्यात इथं दुपारी माणसंही बंदच पडतात, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. पण काउंटरवर खातेदार उभा, पावती अर्धी निघालेली आणि पडदा काळा, असं दिवसातून सात वेळा झालं तेव्हा अध्यक्षांना माझी आठवण झाली. मी कधीकाळी एमएस-सीआयटी केली आहे. तेवढ्या भांडवलावर मी इथला आयटी विभाग आहे.

पहिला संशय अर्थातच लाइनीवर. वायरमन आला, टेस्टर लावला, "उन्हाळ्यात असंच रायते" म्हणाला आणि ताक पिऊन गेला. मग अर्थिंग. खड्ड्यातलं मीठ-कोळसा सुकलं की अर्थिंग नीट लागत नाही, हे खरंच आहे. त्यामुळे गावात नळ चार दिवसांआड येत असताना शिपाई काकाजी अर्थिंगला रोज एक बादली पाणी घालू लागले. मग यूपीएसची बॅटरी बदलली. मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला आतून वीज पुरवणारा डबा, बदलला. सर्व्हर बंद पडायचा तो पडतच होता.

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं: गर्मी. पारा 46 वर. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला मशीन बंद होतं, हे मी सभेत ठासून सांगितलं. कॅबिनेट उघडलं तर पंख्यातून कापूस निघाला, समईची वात वळता येईल एवढा. समोर जिनिंग आहे ना! साफ केलं, नवी थर्मल पेस्ट लावली. तरीही डुलकी चालूच, म्हणून सर्व्हरच्या खोलीला नवा कुलर आला. आम्ही बाहेर पासबुकानं वारा घेत होतो आणि आत साहेब ओल्या ताट्यांच्या गारव्यात दर तासाला झोपत होते.

एकदा काकाजी कप ठेवता ठेवता म्हणाले, "सायेब, लाइन गेली का कंप्युटर फटकन मरते. हा तसा नाई मरत. हा आधी दुकान आवरते, दिवा मालवते, मंग जाते. याले कोनीतरी सांगून रायलं का झोप म्हनून."

"कोण सांगणार काकाजी?"

"ते मले काय मालूम? पन बराब्बर घंट्यानं सांगते. मी चहा त्याच्याच टायमानं मांडतो ना!"

मी कप तसाच ठेवून इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला. तो मी याआधीही उघडला होता, पण फक्त लाल खुणा शोधत. वीज अचानक गेली तर तिथं 41 नंबरची लाल नोंद पडते. तसल्या नोंदी होत्या, पण मोजक्याच, खरोखर लाइन गेली तेव्हाच्या. दर तासाची नोंद निळ्या खुणेची, गरीब चेहऱ्याची: 1074. म्हणजे कोणीतरी रीतसर हुकूम देऊन मशीन बंद केलं. हुकूम देणाऱ्याचं नाव डब्ल्यूएलएमएस, म्हणजे विंडोजमधलाच परवान्यावर नजर ठेवणारा प्रोग्राम, आणि शेरा असा की विंडोजच्या या प्रतीची परवान्याची मुदत संपली आहे.

मशीन बसवणाऱ्या पोरानं विंडोज सर्व्हरची चाचणीपुरती मिळणारी फुकट प्रत टाकून दिली होती. ती 180 दिवस चालते, नंतर दर तासाला स्वतःच बंद होते. बसवली कधी? 12 नोव्हेंबर 2023, लक्ष्मीपूजनाला. बोटं मोजली: बरोबर अक्षय्य तृतीयेला 180 भरले.

आता वाटेल, स्क्रीनवर काही सूचना नव्हती का? होती. उजव्या कोपऱ्यात खाली, किती दिवस उरले ते अखंड लिहून येत होतं. पण पूजेच्या दिवशी कॅशियरबाईंनी नेमकं तिथंच कुंकवाचं स्वस्तिक काढलं होतं, आणि ते पुसायची आमच्यापैकी कोणाची हिंमत?

पोराला फोन लावला. "फ्री होतं ना भाऊ, म्हनून टाकलं. टेंशन नका घेऊ, अजून 180 दिवस वाढवून देतो." आला, एक ओळ टाइप केली, मशीन चालू-बंद केलं, पाचशे रुपये घेऊन गेला. मी अध्यक्षांना म्हटलं, परवाना विकत घेऊन टाकू. त्यांनी बॅटरी, एसएमपीएस आणि कुलरची बिलं एकावर एक रचली आणि म्हणाले, "दिवाळीनंतर पाहू."

कुलर तिथंच आहे, आम्ही जेवायला त्याच खोलीत बसतो. काकाजी अजूनही अर्थिंगला बादली घालतात. फक्त चहाचा काही टाइम राहिला नाही.