१४५० की २९००? तुमच्या कमेंटला जरा सविस्तर उत्तर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की मी लोकांना उगाच १४५० आरपीएमचा (मिनिटाला १४५० फेरे फिरणारा) अवजड पंप घ्यायला लावतो, तेवढंच पाणी २९०० वाला लहानसा पंप कमी पैशात देतो, बोअरमधले सबमर्सिबलसुद्धा २९०० वरच चालतात, आणि कमी पडलं तर ड्राइव्ह (मोटरला जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी बदलणारं यंत्र) लावून ५० ऐवजी ६० हर्ट्झवर पळवायचा.

आधी माझी चूक. 'स्पीड जास्त म्हणजे इंपेलर (पंपात फिरणारी चकती) लवकर झिजणारच' असं मी सरसकट लिहिलं, ते बरोबर नाही. हेड, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवेल ते, ठरतं इंपेलरच्या कडेच्या वेगावर. २५ मीटर हेडला २९०० वर साधारण १४५ मिमीचा इंपेलर लागतो, १४५० वर २९० चा, म्हणजे कडेचा वेग दोन्हीकडे सारखाच, सेकंदाला २२ मीटरच्या आसपास. आणि पाणी थोडं पण उंची भरपूर असेल, सड्यावरच्या कलमांना चढवायचं असेल, तर मोठी चकती पाण्यात घुसळण्यातच वीज जाते, तिथे २९०० वालाच घ्या, मीही तोच घेईन.

पण माझा खरा मुद्दा सक्शनचा, म्हणजे पंपाने खालून पाणी ओढण्याचा होता, त्यावर तुम्ही काहीच बोलला नाहीत. आमची विहीर जांभ्यात खोदलेली, पंप काठावर, जानेवारीत पाणी दोन-अडीच मीटरवर असतं आणि मे महिन्यात सहाच्या खाली जातं. आता हिशोब बघा, हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर वर ढकलतो, त्यातून वाफेच्या दाबाचे ०.४ आणि पाईप आणि फुटव्हॉल्वच्या (पाईपच्या तळाच्या झडपेच्या) अडथळ्याचा एक मीटर गेला की उरतात ८.९. पंपाला तोंडाशी स्वतःची दाबाची गरज असते ती वेगळी, आणि तेवढंच पाणी दुप्पट स्पीडने काढलं की ती गरज साधारण अडीच पट होते. १४५० वर दीड मीटर धरली तर २९०० वर ३.८. म्हणजे एक पंप ७.४ मीटरपर्यंत ओढेल, दुसरा ५.१ लाच दमेल, तेही जेमतेम, थोडी सूट ठेवायची तर साडेचारच धरा. नेमकं बागेला पाणी लागतं तेव्हा आतून खडी फिरल्यासारखा आवाज यायला लागतो आणि इंपेलरला खड्डे पडतात, ते मी स्वतः हातात घेऊन बघितलेत.

सबमर्सिबलला हा त्रास नाही कारण तो पाण्यातच बुडालेला, त्याला ओढायचंच नसतं, आणि बोअर अरुंद म्हणून लहान इंपेलर, जास्त स्पीड, एकावर एक स्टेज, म्हणजे इंपेलरचे टप्पे.

६० हर्ट्झचं मात्र कृपा करून करू नका. स्पीड १.२ पट केला की त्याच पंपाला पॉवर १.७३ पट लागते, ५ एचपीला पूर्ण लोडवर असलेल्या मोटरवर साडेआठच्या वर लोड येईल, रिवायंडिंग ठरलेलंच.

तुमच्या विहिरीचं पाणी मे अखेरीला पंपापासून किती खाली जातं ते दोरीने मोजून इथे टाका. साडेचारच्या आत असेल तर तुमचा २९०० वाला बिनधास्त चालवा. जास्त असेल आणि पंप बदलायचा नसेल तर तो विहिरीत खाली कट्ट्यावर उतरवता येईल, फक्त जून लागायच्या आत वर काढा, पहिल्या मोठ्या पावसात पाणी कट्ट्यावर चढतं.