कण्हेर वाळली म्हणून विष जात नाही

छाटणीच्या दिवसांत व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो: ‘कण्हेरीचं विष फक्त चिकात असतं. फांद्या आठ दिवस उन्हात टाका, चीक वाळला की विष संपलं. मग लाकूड बंबाला वापरा, पाला शेळ्यांना घाला, उरलेलं खतात टाका.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला तेव्हा लोकांनी त्याला अंगठे दिले. त्यातलं पहिलंच वाक्य चुकीचं आहे आणि बाकीचं सगळं त्यावरच उभं आहे.

पान, फूल, साल, मूळ, बी, कण्हेरीचं सगळं अंगच विषारी. ओलिएंड्रिन हे तिच्यातलं द्रव्य थेट हृदयावर काम करतं. ठोके मंदावतात, अनियमित होतात. उन्हानं पानातलं पाणी उडतं, हे द्रव्य नाही. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, तीही तशीच घातक.

मला खरी धास्ती पाल्याची वाटते. हिरव्या कण्हेरीला जनावर सहसा तोंड लावत नाही, ती कडू असते. हायवेच्या दुभाजकावर ती टिकते ती म्हणूनच. पण वाळलेला पाला वैरणीत मिसळला की जनावर तो निवडून बाजूला काढत नाही. अख्खं पान ओळखू येतं: लांब, निमुळतं, चिवट, मधोमध ठळक शीर. कुट्टीत त्याचे तुकडे झाले की माणसालाही कळत नाही. मूठभर पानं गाईच्या जिवावर बेतू शकतात.

बंबात किंवा चुलीत तर अजिबात नको, तिचा धूरही बाधतो. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनीच मनाई केली आहे.

खताबद्दल मात्र मेसेज अर्धा बरोबर आहे. मोठा ढीग नीट तापला, वरखाली होत राहिला, तर विष हळूहळू मोडतं. घरच्या बादलीत तेवढी ऊब धरत नाही, म्हणून तिथे कण्हेर घालू नका.

हातमोजे आणि पूर्ण बाह्या घालून छाटा. फांद्यांचे तुकडे पोत्यात भरून तोंड बांधा आणि बागेच्या कचऱ्याच्या गाडीत वेगळे द्या. खाली पडलेली पानं झाडून घ्या, कात्री आणि हात धुवा. कुणी चघळलंच, तर उलटी काढायच्या नादी न लागता 108 ला फोन करा आणि झाडाची डहाळी पिशवीत घालून दवाखान्यात न्या.

आमच्या फाटकाशी छाटणीचा ढीग पडला की शेळ्यावाल्या मावशी विचारतात, “पाला नेऊ का?” गेल्या वेळी ढिगात जास्वंद आणि कण्हेर एकत्रच होती. आम्ही दोघांनी बसून जास्वंद वेगळी केली, तेवढीच त्यांनी नेली.